मोह, करंज, निंबोळी : दुर्लक्षित बियांचे तेल यंत्राने काढण्याची सविस्तर पद्धत

बडोद्याहून डभोई, बोडेली करीत छोटा उदेपूरच्या रस्त्याला लागले की शेतांच्या बांधांवर मोहाची जुनी झाडे दिसू लागतात. त्यांची फुले वेचायला उन्हाळ्यात माणसे पहाटेच बाहेर पडतात. मात्र पावसाच्या तोंडावर पडणाऱ्या बिया, ज्यांना या भागात डोळी म्हणतात, त्यांतल्या बऱ्याच भिजून आणि बुरशी धरून वाया जातात. शहरातली गतही फारशी वेगळी नाही. रस्त्याकडेच्या करंजाच्या शेंगा आणि कडुनिंबाखालचा निंबोळ्यांचा सडा सकाळी झाडून कचऱ्याच्या गाडीत भरला जातो. या तिन्ही बियांत यंत्राने काढण्याजोगे तेल असते आणि हंगामात एक-दोन टन बी गोळा करू शकणाऱ्या बचत गटाला, शेतकऱ्याला किंवा लहान उद्योजकाला ते काढणे सहज जमण्यासारखे आहे.

यंत्र विकणारा माणूस बोलण्याची सुरुवात अश्वशक्तीपासून करतो. प्रत्यक्षात किती तेल मिळणार आणि ते कसे निघणार, याचा मोठा भाग बी यंत्रापाशी पोचण्याआधीच ठरून गेलेला असतो. म्हणून या लेखात वाळवण्याला आणि निवडण्याला यंत्राइतकीच जागा दिली आहे, आणि वाचकाने पैसेही त्याच प्रमाणात खर्च करावेत अशी माझी शिफारस आहे.

कोणती बी दाबण्याजोगी असते

दाबून तेल काढण्याच्या पद्धतीला एक मूलभूत मर्यादा आहे. यंत्र कितीही चांगले असले तरी पेंडीत काही तेल राहतेच. लहान एक्सपेलरच्या, म्हणजे फिरत्या स्क्रूने बी दाबणाऱ्या यंत्राच्या, पेंडीत ते साधारण 8 ते 12 टक्के असते, तर लाकडी घाण्याच्या पेंडीत 15 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे मुळातच कमी तेल असलेली बी यंत्रात घालणे म्हणजे वीज जाळून पेंड गरम करणे होय. आंब्याच्या कोयीचे उदाहरण घ्या. रसाच्या कारखान्यांतून कोयींचे ढीग निघतात, हे पाहून अनेकांना मोह होतो. परंतु कोयीच्या गरात स्निग्धांश जेमतेम 7 ते 12 टक्के असतो. 100 किलो गरात 10 किलो तेल धरले आणि पेंडीत 8 टक्के तेल राहिले, तर हाती दोन-सव्वादोन किलोच येते. कोयीचे किंवा मध्य भारतातल्या सालाच्या बियांचे तेल कारखान्यांत हेक्झेनसारख्या द्रावकाने काढतात. ते काम ज्वलनशील द्रावकाचे असल्याने घरगुती किंवा लहान पातळीवर करून पाहण्याच्या वाटेला जाऊ नये.

मोहाच्या बीत सुमारे 70 टक्के गर असतो आणि वाळलेल्या गरात 45 ते 50 टक्के तेल असते. करंजाच्या बीवरचे साल कागदासारखे पातळ असल्यामुळे जवळजवळ सगळी बीच उपयोगी पडते. तिच्यात 27 ते 39 टक्के तेल असते. निंबोळीच्या कठीण कवचाच्या आतल्या गरात 40 ते 45 टक्के तेल मिळते, पण कवचासह हिशेब केला तर हा आकडा बराच खाली येतो.

रतनज्योत (जट्रोफा) आणि कोशिंब या बियांविषयी लोक हमखास विचारतात. रतनज्योतीत तेल चांगले असते, पण तिच्यातली फॉर्बोल एस्टर ही द्रव्ये विषारी असून तेलात आणि पेंडीत दोन्हीकडे उतरतात. कोशिंबाच्या तेलात सायनाइड सोडू शकणारे घटक असतात. दाबण्याची क्रिया यांतले काहीही नाहीसे करत नाही. ज्या यंत्रावर पुढे खाण्याचे तेल काढायचे आहे, त्यावर या दोन बिया कधीच घालू नयेत; नवशिक्याने तर त्यांच्यापासून दूरच राहावे.

शिकण्याची सुरुवात करंजापासून करावी. त्याच्या शेंगा वसंतात आणि उन्हाळ्यात पिकतात, तेव्हा आपल्याकडे ऊन कडक आणि हवा कोरडी असते, बी आपोआप वाळते आणि यंत्राची ओळख निवांतपणे करून घेता येते. मोह आणि निंबोळी मात्र जून-जुलैच्या आसपास, म्हणजे पाऊस दारात उभा असताना येतात. त्या दोन बियांचे तेल काढणे ही मुख्यतः पावसाशी लावलेली शर्यत आहे.

गोळा करणे आणि वाळवणे

झाडाखालून बी वेचताना तिच्याबरोबर माती, वाळू, खडे आणि क्वचित खिळे-चुकाही येतात. शक्य तेथे झाडाखालची जागा आधी झाडून घ्यावी किंवा ताडपत्री, जुनी साडी अंथरावी आणि दररोज किंवा एक दिवसाआड बी उचलावी. ओल्या जमिनीवर चार-पाच दिवस पडून राहिलेली मोहाची बी वरून चकचकीत दिसली, तरी आत काळी पडू लागलेली असते. अशी बी चांगल्या बीत मिसळली तर सबंध घाण्याचे तेल आंबट होते.

यामागचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. बीमध्ये लायपेज नावाचे विकर असते. ओलावा आणि ऊब मिळाली की ते तेलाचे रेणू तोडते आणि मुक्त स्निग्धाम्ले तयार होतात. मोहाच्या बीत हा बिघाड फार लवकर होतो; नीट न वाळवलेल्या बीच्या तेलात मुक्त आम्लाचे प्रमाण 20 टक्क्यांच्याही पुढे गेलेले आढळते. बुरशीचेही तेच. एकदा तेलात आम्ल तयार झाले की गाळून, उकळून किंवा उन्हात ठेवून ते जात नाही. साबण करणारा असे तेल कमी भावात घेतो आणि बायोडिझेलवाला बहुधा नाकारतो, कारण त्याच्या नेहमीच्या प्रक्रियेला दोन टक्क्यांच्या आतले आम्ल लागते.

मोहाची बी फळातून काढल्यावर त्याच दिवशी तिला चिकटलेला फळाचा गर धुऊन ती पसरावी. ऊन असेल तर गच्चीवर किंवा खळ्यात पाच सेंटिमीटरपेक्षा जाड थर न करता पसरून दिवसातून तीन-चार वेळा दाताळ्याने उलथापालथ करावी आणि सूर्यास्तापूर्वी आत घ्यावी, कारण पावसाळ्याच्या तोंडावरची रात्रीची दमट हवा दिवसभराच्या वाळवणावर पाणी फिरवते. आभाळ भरून आले असेल तर सिमेंटच्या जमिनीवर पसरण्याचा उपयोग नाही. तारेच्या जाळीचे तट्टे एकावर एक रचून त्यांच्यामधून साध्या पंख्याची हवा खेळवावी. उष्णता द्यायची झाल्यास 50 ते 60 अंश सेल्सियसपर्यंत द्यावी. चुलीच्या धुरावर वाळवलेल्या बीचे तेल धुरकट वासाचे आणि गडद होते, त्यामुळे धूर बाहेर आणि फक्त गरम हवा आत, अशी रचना असावी. एक उपयुक्त युक्ती अशी, की कवच फोडल्यानंतर मोहाचा गर दहा-पंधरा मिनिटे वाफवून मग वाळवला, तर विकर निकामी होते आणि पुढचा बिघाड मंदावतो. वाफवलेला गर लगेच वाळवणे मात्र अनिवार्य आहे. न वाळवता ठेवला तर वाफवणे उलट अंगावर येते.

निंबोळीची रीत वेगळी. पिवळी फळे पाण्यात भिजवून, चोळून फळाचा गर आणि साल काढून टाकावी, बी स्वच्छ पाण्याने धुवावी आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. कडक उन्हात वाळवू नये, कारण निंबोळी तेलाला कीटकनाशक म्हणून जी किंमत येते ती प्रामुख्याने अझाडिरॅक्टिन या घटकामुळे, आणि तो उन्हाने व उष्णतेने नष्ट होतो. गर तसाच ठेवून वाळवलेली निंबोळी आंबते आणि तिच्यावर काळी बुरशी चढते. बाजारात स्वस्त मिळणारी निंबोळी अनेकदा अशीच असते. 2015 पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप देणे बंधनकारक झाले, आणि भरूचच्या जीएनएफसी या खत कंपनीने गावोगावच्या महिलांकडून निंबोळी गोळा करण्याचे मोठे काम उभे केले. त्यामुळे आपल्या भागात निंबोळीला गिऱ्हाईक आहे. अडते ते प्रतीपाशी.

वाळलेली बी बारदानात भरावी, प्लास्टिकच्या पोत्यात भरू नये. पोती भिंतीला न टेकवता लाकडी फळ्यांवर रचावीत.

ओलावा मोजणे

ओलाव्याचा अंदाज हाताला येतो, पण सुरुवातीला मोजूनच शिकावे. गर कुटून त्यातला 20 ग्रॅम भाग अचूक काट्यावर तोलावा, 105 अंशांवर ठेवलेल्या ओव्हनमध्ये तीन-चार तास ठेवावा आणि वजन स्थिर झाले की पुन्हा तोलावा. घटलेल्या वजनाला मूळ वजनाने भागून 100 ने गुणले की ओलाव्याची टक्केवारी मिळते. साठवण्यासाठी 8 टक्क्यांच्या आत आणि दाबण्याच्या वेळी 5 ते 7 टक्के हे लक्ष्य ठेवावे.

हा आकडा खरेदीच्या वेळीही कामाला येतो. 12 टक्के ओलाव्याची 100 किलो बी 6 टक्क्यांपर्यंत वाळवली की 93.6 किलो उरते. म्हणजे जवळजवळ साडेसहा किलो पाण्याचे पैसे आपण बीच्या भावाने मोजलेले असतात. व्यापाऱ्याशी घासाघीस करण्यापेक्षा काटा आणि ओव्हन समोर ठेवलेले बरे.

हाताची परीक्षा अशी : मोहाच्या गराची एक डाळ दोन बोटांत धरून वाकवावी. नीट वाळलेली डाळ कट्कन मोडते आणि मोडलेली कड फिकट, कोरडी दिसते. ओली डाळ आधी वाकते, मग चिरते, आणि नखाने दाबली तर नख रुतते. फार वाळलेली डाळ बोटांत चुरा होऊन जाते. तिन्ही प्रकारच्या डाळींचे नमुने झाकणाच्या बरणीत ठेवून कामगारांना दाखवावेत, तक्ता लावण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

फोडणे, पाखडणे, निवडणे

मोहाचे कवच लाकडी मोगरीने किंवा दगडाने फुटते. मोठ्या प्रमाणावर काम असेल तर शेंगदाणे फोडण्याच्या यंत्राचे अंतर जुळवून घेऊन तेच वापरता येते. फोडल्यावर सुपात पाखडून कवच वेगळे करावे. करंजाच्या शेंगा चामड्यासारख्या चिवट असतात, त्या कडकडीत उन्हात तापवून मग काठीने झोडाव्यात. निंबोळीचे कवच काढल्यास तेलाची प्रत सुधारते, पण काम वेळखाऊ आहे. शेतीच्या उपयोगासाठी पुष्कळ जण कवचासह दाबतात.

इथे एक चूक नेहमी होते. शुद्ध गर घातला की तेल जास्त मिळेल असे वाटून लोक कवचाचा कणही राहू देत नाहीत. घाण्यासाठी ते चालते, स्क्रूच्या एक्सपेलरला चालत नाही. मोहाचा गर मऊ आणि तेलकट असतो. त्यात तंतुमय भाग नसला तर दाबाखाली त्याचा लगदा होतो, तो वर्मबरोबर, म्हणजे दाबणाऱ्या स्क्रूबरोबर, नुसता गोल फिरत राहतो आणि पुढे सरकतच नाही. घर्षण मिळण्यासाठी वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास कवच गरात राहू द्यावे. याउलट कवच फार झाले तर तेच तेल पिऊन घेते आणि केजच्या, म्हणजे वर्मभोवतीच्या पिंजऱ्याच्या, पट्ट्या झिजवते.

शेवटी दोन चाळण्या : एक मोठी, जिच्यावर खडे आणि काड्या राहतील, आणि एक बारीक, जिच्यातून माती गळेल. हॉपरच्या, म्हणजे बी ओतण्याच्या भांड्याच्या, तोंडाशी चुंबक बसवावा. एक लहानसा खिळा वर्मचा काठ तोडू शकतो, आणि वाळू तर रोज थोडी थोडी करून अख्खा वर्म खाते.

यंत्राची निवड

हाताने किंवा जॅकने चालणारा प्रेस शिकण्यापुरता ठीक आहे. लाकडी घाणा, ज्यात उखळात लाट फिरते, तो कमी उष्णतेवर चालतो, त्याचे तेल वासाला सौम्य असते आणि निंबोळीसाठी तो खरोखर उपयुक्त आहे. पण पेंडीत तेल जास्त राहते आणि एका घाण्याला तास-दीड तास लागतो. घाण्याच्या सुधारणेचा इतिहास मराठी-गुजराती सहकार्याचा आहे, हे बडोद्याच्या वाचकाला सांगायला हरकत नाही : 1934 साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी पारंपरिक घाण्यावर काम केले आणि त्यातून वर्धा घाणी म्हणून ओळखला जाणारा नमुना पुढे आला. आज विजेवर फिरणारे घाणे गावोगाव दिसतात.

हंगामात टनावारी बी असेल तर लहान एक्सपेलर घ्यावा. बाजारात तो बोल्टांच्या संख्येवरून ओळखला जातो. चार बोल्टांच्या यंत्राला साधारण 5 अश्वशक्तीची मोटर लागते, सहा बोल्टांच्या यंत्राला साडेसात ते दहा. विक्रेता सांगतो ती क्षमता शेंगदाण्याची किंवा सरकीची असते. करंज किंवा मोह घातल्यावर ती कमी भरते, म्हणून त्या आकड्याच्या दोन-तृतीयांश धरूनच दिवसाचे नियोजन करावे. मेजावर ठेवण्याची घरगुती चकचकीत यंत्रे मला या कामासाठी पसंत नाहीत; ती तीळ, शेंगदाण्यासाठी बनवलेली असतात आणि करंजाच्या बीने त्यांचा स्क्रू लवकर अडतो.

यंत्र घेताना वर्म, केजच्या पट्ट्या आणि पेंड बाहेर पडण्याची फट कमी-जास्त करणारा पुढचा कोन हे सुटे भाग वेगळे मिळतात का, एवढी एकच गोष्ट आग्रहाने विचारावी. झिजलेला वर्म वेल्डिंगने भरून पुन्हा लेथवर उतरवता येतो, आणि बडोद्यासारख्या शहरात, जिथे 1890 साली सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली आणि आज मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथची रांग लागलेली आहे, तिथे त्यासाठी माणूस शोधावा लागत नाही.

एक्सपेलर चालवणे

यंत्र थंड असताना त्यात थेट बी घालू नये. आधी कोन पूर्ण सैल करावा, यंत्र दोन-तीन मिनिटे रिकामे फिरवून आवाज ऐकावा, आणि मग आदल्या वेळची कोरडी, फोडलेली पेंड थोडी थोडी घालून दहा-पंधरा मिनिटे चालवावे. पेंड केजमध्ये घासून चेंबर तापवते आणि आतला जुना कचराही बाहेर ढकलते. चेंबरला बाहेरून हात लावणे अशक्य होईल इतके ते तापले की गर घालण्यास सुरुवात करावी.

करंज आणि मोह यांचा गर घालण्यापूर्वी भरडून 70 ते 80 अंशांपर्यंत वीस मिनिटे गरम केला तर तेल पातळ होऊन सहज सुटते, पेशींतली प्रथिने घट्ट होतात आणि गाळ कमी येतो. कढईत भाजताना खालचा थर करपू देऊ नये. वाफेच्या दुहेरी भिंतीची कढई परवडत असेल तर ती उत्तम. निंबोळीला ही गरमी देऊ नये. तिच्यासाठी यंत्राचा वेग कमी ठेवावा, कोन कमी आवळावा, आणि तेल थोडे कमी मिळेल हे मान्य करावे.

गर एकसारख्या धारेने पडला पाहिजे. हॉपर भरून टाकून निघून जाणे हा अडकण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. तेल केजच्या मधल्या भागातून झिरपू लागले की कोन पाव-पाव फेऱ्याने आवळत जावे आणि प्रत्येक वेळी मोटरच्या अॅमीटरकडे पाहावे. मोटरच्या पाटीवर लिहिलेला अँपिअरचा आकडा ओलांडला जात असेल तर कोन लगेच सैल करावा. नव्या माणसाने अॅमीटरशिवाय एक्सपेलर चालवूच नये.

यापुढे सगळी माहिती पेंड देते. बाहेर पडणारी पेंड हातावर घ्यावी, अर्थात थोडी निवू देऊन. चांगल्या पेंडीचे पापुद्रे एक ते दोन मिलिमीटर जाड असतात, त्यांची एक बाजू कोनावर घासल्यामुळे गुळगुळीत आणि दुसरी खरखरीत असते, वाकवले तर ते मोडतात, आणि वर्तमानपत्राच्या कागदात दाबून धरले तरी कागदावर अगदी फिकट डाग पडतो. पेंड शेवेसारखी लांब, मऊ आणि चिकट येत असेल तर गर ओला आहे. यंत्र थांबवून तो पुन्हा वाळवावा, कोन आवळून उपयोग होणार नाही. पेंडीची पूड होत असेल, धूर येत असेल आणि करपल्याचा वास सुटला असेल तर गर फाजील कोरडा आहे. त्यावर पाण्याचा हलका शिडकावा करून, ओल्या गोणपाटाखाली तासभर झाकून ठेवून मग घालावा. तेलाबरोबर केजच्या फटींतून गराचे धागे बाहेर येत असतील तर एक तर फटी रुंद झाल्या आहेत, किंवा बी नीट गरम झालेली नाही. तेल हॉपरच्या बाजूने मागे येऊ लागले तर पुढे कोंडी झाली आहे असे समजून बी बंद करावी, कोन सैल करावा आणि कोरडी पेंड घालून ती ढकलून काढावी.

मोहाचा गर एकदा दाबून संपत नाही. पहिल्या फेरीत कोन थोडा सैल ठेवून तेलाचा मोठा भाग काढावा, पेंड फोडून पुन्हा गरम करावी आणि दुसऱ्या फेरीत कोन पूर्ण आवळावा. पहिल्याच फेरीत सगळे ओरबाडण्याचा प्रयत्न केला तर यंत्र तापते, तेल काळवंडते आणि मोटर बसते. करंजालाही दोन फेऱ्या फायद्याच्या ठरतात.

काम संपवताना शेवटची पंधरा मिनिटे कोरडी पेंड किंवा कोंडा घालून चेंबर पुसून काढावे. करंजाची पेंड केजमध्ये रात्रभर राहिली तर सकाळी ती छिन्नीनेच काढावी लागते. हॉपर खुंटला तर लाकडी दांडीने हलवावा. चालू यंत्राच्या तोंडात हात कधीही, कोणीही घालू नये, आणि मोटरच्या पट्ट्यावर जाळीचे झाकण असल्याखेरीज यंत्र सुरूच करू नये. मोहाच्या पेंडीची धूळ तिच्यातल्या सॅपोनिन या द्रव्यामुळे नाकाला झोंबते व शिंकांवर शिंका येतात, तेव्हा तोंडाला फडके बांधावे.

तेल निवळणे, गाळणे, साठवणे

यंत्रातून निघालेले तेल गढूळ असते. ते तळाशी निमुळत्या टाकीत, जिची तोटी तळापासून वीतभर वर आहे, दोन ते चार दिवस स्थिर ठेवावे. मोहाच्या तेलाच्या बाबतीत ही पायरी ऊब देऊन करावी लागते, कारण त्यात स्टिअरिक आणि पामिटिक ही घट्ट होणारी आम्ले भरपूर असून ते 25 ते 29 अंशांच्या खाली गोठू लागते. बडोद्याच्या डिसेंबर-जानेवारीत ते पिंपातून ओतताच येत नाही, तुपासारखे काढावे लागते. म्हणून ते निघाल्याबरोबर गरम असतानाच निवळायला ठेवावे.

निवळलेले तेल रुंद तोंडाच्या भांड्यात मंद आचेवर 100 ते 105 अंशांपर्यंत तापवून त्यातले पाणी घालवावे. आधी फेस येतो आणि तडतड होते. तडतड थांबून पृष्ठभाग शांत झाला की पाणी गेले असे समजावे आणि आच बंद करावी. निंबोळी तेलाला ही पायरी वगळावी, त्याला निवळणे आणि गाळणे पुरे. गाळण्यासाठी दुहेरी मांजरपाट चालतो. रोज शंभर लिटरहून अधिक तेल असेल तर लहान फिल्टर प्रेस घ्यावा. टाकीच्या तळाचा गाळ फेकू नये, तो पुढच्या घाण्याच्या गरात थोडा थोडा मिसळला की त्यातले तेलही निघते.

साठवणीसाठी पोलाद किंवा जाड प्लास्टिकचे पिंप वापरावे, तांब्या-पितळेचे भांडे किंवा तोटी तेलाच्या संपर्कात येऊ देऊ नये, कारण तांबे तेल खवट होण्याची क्रिया झपाट्याने वाढवते. पिंप काठोकाठ भरावे आणि उजेडापासून दूर ठेवावे.

आम्लाची चाचणी प्रत्येक घाण्याची करावी. 5 ग्रॅम तेल 50 मिलीलिटर उदासीन केलेल्या अल्कोहोलमध्ये गरम करून, फिनॉल्फ्थेलिनचे थेंब घालून, 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने गुलाबी रंग टिकेपर्यंत टायट्रेट करावे. जितके मिलीलिटर लागले त्याला 0.564 ने गुणले की ओलिक आम्लाच्या रूपात मुक्त आम्लाची टक्केवारी मिळते. रसायनशास्त्र शिकलेला बारावीचा विद्यार्थीही हे करू शकतो.

हिशेब कसा मांडावा

मोहाची 100 किलो वाळलेली बी घेतली, 70 किलो गर निघाला आणि त्यात 48 टक्के तेल आहे असे धरू. एकूण तेल 33.6 किलो, तेलाव्यतिरिक्त भाग 36.4 किलो. एक्सपेलरच्या पेंडीत 10 टक्के तेल राहिले तर पेंड 40.4 किलो भरते, तिच्यात 4 किलो तेल अडकते आणि हाती 29.6 किलो येते. घाण्याच्या पेंडीत 15 टक्के राहिले तर हाती 27.2 किलो. यातून गाळाची थोडी घट वजा करावी. करंजाच्या 33 टक्के तेलाच्या 100 किलो बीतून एक्सपेलरवर याच रीतीने सुमारे साडेपंचवीस किलो निघते. कोणी मोहाच्या बीतून चाळीस टक्के तेल काढून देण्याची हमी देत असेल तर त्याला हे गणित कागदावर मांडायला सांगावे.

प्रत्येक दिवशी चार वजने वहीत लिहावीत : बी, गर, तेल, पेंड. गराचे वजन तेल, पेंड आणि गाळ यांच्या बेरजेशी जुळत नसेल, तर फरक बहुतेक उडून गेलेल्या ओलाव्याचा असतो. पेंडीतले तेल महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत सॉक्सलेट पद्धतीने तपासून घ्यावे; ते 12 टक्क्यांवर गेले तर वर्म झिजला असण्याची शक्यता पहिली.

कच्चा माल आदिवासी कुटुंबांकडून घेताना 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य केलेला आहे, आणि 2013-14 मध्ये सुरू झालेल्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत मोह, करंज, निंबोळी या बियाही आहेत, हे लक्षात ठेवून भाव ठरवावा. आधारभूत किमतीपेक्षा स्वस्त मिळालेल्या मालावर उभा केलेला धंदा दुसऱ्या हंगामाला टिकत नाही, कारण चांगली बी वाळवून देणारे हात दुसरीकडे वळतात.

पेंड आणि तेलाचा उपयोग

करंज आणि निंबोळीची तेले खाण्याची नाहीत. मोहाचे तेल आदिवासी घरांत परंपरेने खाल्ले जाते, पण यंत्रातून निघालेले कडवट तेल खाद्य म्हणून विकणे हा निराळा उद्योग आहे. त्याला शुद्धीकरण, तपासणी आणि 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालचा परवाना लागतो. साबण, दिवे, वंगण आणि कातडी कमावणे, यांसाठी ही तेले चालतात. तीन तेलांची पिंपे रंगाने वेगळी करून त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘खाण्यासाठी नाही’ असे मराठी, गुजराती दोन्हींत लिहावे. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल मिसळले गेल्याने जलशोफाची, म्हणजे अंगात पाणी साठून सूज येण्याच्या रोगाची, साथ आली होती आणि माणसे दगावली होती, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

गरम पेंड थेट पोत्यात भरू नये. ढिगात ती आतून आणखी तापते आणि धुमसू शकते. पसरून, थंड करून मग भरावी. खत म्हणून निंबोळीच्या पेंडीत नत्र सुमारे 5 टक्के, करंजाच्या पेंडीत 4 टक्के आणि मोहाच्या पेंडीत अडीच टक्के असते. मोहाची पेंड गुरांना घालू नये. तिच्यातल्या सॅपोनिनने मासे मरतात, गांडुळेही मरतात, म्हणून ती पेरणीच्या बऱ्याच आधी आणि बेताने जमिनीत मिसळावी, आणि यंत्र, टाक्या किंवा पेंडीची पोती धुतलेले पाणी तळ्यात, नाल्यात किंवा विश्वामित्री नदीला मिळणाऱ्या कोणत्याही ओहोळात सोडू नये. त्यासाठी शेताच्या कडेला शोषखड्डा खणून ठेवावा आणि तो विहिरीपासून शक्य तितका लांब असावा.